पुन्हा एकदा कच्चा लिंबू

नोकरी लागली की पुस्तकं माळ्यावर, हा जमाना गेला. आता ‘अपस्किल व्हा’, ‘अपडेट राहा’ हे मंत्र सकाळ-संध्याकाळ कानावर पडतात. आपणही कोर्स करतो, सर्टिफिकेट मिळवतो, प्रोफाइलवर टाकतो. पण त्यातलं खरंच किती येतं? सतरा सर्टिफिकेट्स, एक फसलेला इंटरव्ह्यू आणि बाबांची एक जुनी डायरी... त्याचीच ही गोष्ट.

सतरा! माझ्या लिंक्डइन प्रोफाइलवर एके काळी बरोब्बर सतरा सर्टिफिकेट्स होती. पायथनची तोंडओळख, अजाइल, क्लाउडची पहिली पायरी, डेटा व्हिज्युअलायझेशन, डिझाइन थिंकिंग... त्यातलं एक चक्क टाइम मॅनेजमेंटचं होतं. ते मी शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री दीड वाजता, व्हिडिओ दुप्पट स्पीडने पळवून मिळवलं होतं!

हसू नका. तुमच्यातही असे बरेच जण आहेत, मला माहितीये. विशेषतः २०२०च्या लॉकडाऊनमध्ये कोर्स करणं हा घरबसल्या डालगोना कॉफीसारखाच छंद झाला होता. व्हिडिओ सुरू करायचा, बाजूला कुकर लावायचा, शेवटी पाच प्रश्नांची क्विझ. चुकलं तर परत द्यायची. चार पर्यायांतले तीन चुकले की चौथा बरोबर, हे काय सांगायला हवं? मग मिळालेलं सर्टिफिकेट पोस्ट करायचं. ‘ग्लॅड टू शेअर’ वगैरे. पन्नास-साठ लाइक्स, ‘काँग्रॅट्स’चा पाऊस. कसं छान वाटायचं! आपण मागे पडत नाहीयोत, असं वाटायचं.

तर मी टेस्टर. डेव्हलपर मंडळी जे बनवतात त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. २०११ मध्ये इंजिनीअरिंग संपवून पुण्यातल्या एका आयटी कंपनीत लागले, तेव्हापासून हेच करतेय. पण हाताने. म्हणजे स्क्रीन उघडायची, बटणं दाबायची, काय होतं ते बघायचं आणि एक्सेल शीटमध्ये ‘पास’ किंवा ‘फेल’ लिहायचं. हेच काम प्रोग्रॅम लिहून मशीनकडून करून घेता येतं, त्याला ऑटोमेशन म्हणतात. त्यासाठीचं सेलेनियम हे टूल २००४ मधलं. म्हणजे मी नोकरीला लागले तेव्हा ते सात वर्षांचं होतं. ‘बदल अचानक आला हो!’ असं म्हणायची सोय मला नाही. तो सात वर्षं दारात उभा होता, मी बेल ऐकली नाही.

कर्सर लुकलुकतोय...

मार्च २०२२. कंपनीतच ऑटोमेशनच्या एका टीममध्ये जागा निघाली. मी अर्ज केला. अकरा वर्षांचा अनुभव, शिवाय सतरातली दोन सर्टिफिकेट्स सेलेनियमचीच. मला वाटलं, इंटरव्ह्यू म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी.

पॅनेलवर दोघं जण होते. त्यातला एक माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. तो कंपनीत आला तेव्हा टाइमशीट कशी भरायची हे मीच त्याला शिकवलं होतं. त्याने अगदी नम्रपणे सांगितलं, “मॅम, एका लॉगिन पेजची साधी टेस्ट लिहून दाखवाल?”

लॉगिन पेज! पहिल्या व्हिडिओतलं पहिलं उदाहरण. मी रिकामी फाइल उघडली. कर्सर लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघत होते, तो माझ्याकडे. व्हिडिओमधला तो शिकवणारा माणूस आठवत होता, त्याचा निळा शर्ट आठवत होता, मागची कुंडीसुद्धा आठवत होती. फक्त पहिली ओळ आठवत नव्हती.

कसंबसं खरडलं. रन केलं. फेल! पेजवर बटण यायच्या आधीच माझा प्रोग्रॅम ते दाबायला निघाला होता. मी घाईघाईने मध्ये पाच सेकंद थांबायची ओळ टाकली. या वेळी चाललं. मी सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात तो म्हणाला, “आणि मॅम, नेट स्लो असेल आणि बटण सहाव्या सेकंदाला आलं तर?”

मी गप्प.

जागा अर्थातच मिळाली नाही. महिन्याभरात माझा चालू प्रोजेक्टही संपला आणि मी बेंचवर आले. बेंचवरचं आयुष्य ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिला आठवडा मजेत जातो. दुसऱ्या आठवड्यापासून एचआरचा मेल आला की पोटात गोळा येतो. बाहेर बघावं, तर प्रत्येक जाहिरातीत पहिली अट ऑटोमेशनची. फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जायचा, तो काही बेंचवर जात नव्हता.

एका रविवारी चिंचवडला आईबाबांकडे गेले. जेवताना गप्प गप्पच होते. बाबांनी विचारलं, “झालंय काय?”

मी म्हटलं, “बाबा, सगळं शिकलेय मी. पण येत काहीच नाही.”

त्यांनी ताटातली भाकरी मोडता मोडता विचारलं, “शिकलीस, का नुसतं बघितलंस?”

राग आला. खूपच राग आला. कारण प्रश्न बरोबर होता.

बाबांचे ‘सर’

बाबा टर्नर. भोसरीच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लेथवर बावीस वर्षं काम केलेलं. लोखंड कापलं जाताना येणाऱ्या आवाजावरून ते सांगायचे, टूलची धार गेली की नाही. चिप्स निळ्या पडल्या की स्पीड किती कमी करायचा, हे त्यांच्या हातालाच कळायचं. कारखान्यात त्यांचा शब्द चालायचा.

२००१ मध्ये मालकांनी पहिलं सीएनसी मशीन आणलं. म्हणजे कम्प्युटरवर चालणारं लेथ. हाताने चाकं फिरवायची नाहीत, प्रोग्रॅम लिहायचा. एकेक जुनं लेथ भंगारात जायला लागलं. बाबांच्या रांगेत पाच टर्नर होते. पाचही जणांना सांगण्यात आलं, नवीन मशीन शिका, नाहीतर पॅकिंगला जा, नाहीतर हिशेब घ्या. बाबा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. शिक्षण दहावी आणि आयटीआय. कम्प्युटर त्यांनी तोवर फक्त बँकेत, काउंटरच्या पलीकडे बघितला होता.

शिकवायला बावीस वर्षांचा एक डिप्लोमावाला मुलगा. बाबांची टर्नरची जेवढी नोकरी झाली होती, तेवढं त्याचं वय! बाबा पहिल्या दिवशी त्याला ‘सर’ म्हणाले. तो मुलगा इतका कानकोंडा झाला की त्याने त्यांना ‘काका, असं नका म्हणू’ म्हणून हातच जोडले. कॅंटीनमध्ये बाकीच्यांनी खिल्ली उडवली. म्हातारपणी बाराखडी गिरवताय का, म्हणून. बाबांचं उत्तर एकच असायचं, “शिकवतो तो सर.” शेवटपर्यंत तो त्यांना काका म्हणायचा आणि ते त्याला सर.

मग तो प्रसिद्ध अपघात. आमच्या घरात तो अजून ‘टिंबाचा दिवस’ म्हणून ओळखला जातो. बाबांनी पहिल्यांदाच स्वतः प्रोग्रॅम लिहिला. एका ठिकाणी टूलला पन्नास मिलिमीटर व्यासावर थांबायला सांगायचं होतं. त्यांनी लिहिलं, एक्स ५०. पुढे दशांशचिन्ह दिलं नाही. पन्नास म्हणजे पन्नास, त्यात टिंब कशाला? पण त्या मशीनच्या सेटिंगप्रमाणे टिंब नसलेला आकडा म्हणजे मायक्रॉन. पन्नास मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम विसावा भाग. त्यामुळे टूल थांबलं नाही. ते पूर्ण वेगाने थेट जॉबच्या मध्यापर्यंत घुसलं. मोठा आवाज झाला, टूलच्या टोकाचे तुकडे उडाले, होल्डर वाकला. सगळं शॉप काम थांबवून बघायला आलं. बावीस वर्षांत ज्यांच्या हातून एक जॉब वाया गेला नव्हता, ते बाबा मान खाली घालून उभे होते.

त्या रात्री ते जेवले नाहीत. आई म्हणाली, “अहो, पॅकिंगला जा सरळ. पगार थोडा कमी झाला तर भागवू आपण.” बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बँकेने दिलेली एक जुनी, अर्धी कोरी डायरी त्यांनी काढली.

ती डायरी त्या रविवारी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. सगळे कोड त्यांच्या शब्दांत होते. जी झिरो झिरो : नुसतं पळ, कापू नको. जी झिरो वन : सरळ काप. जी झिरो टू : गोल, घड्याळासारखं. जी झिरो थ्री : गोल, घड्याळाच्या उलट. एम झिरो थ्री : चक फिरव. एम झिरो फाइव्ह : थांबव. एम थर्टी : खेळ खलास. आणि प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल शाईत एक मोठ्ठं टिंब.

ही डायरी मला चांगलीच आठवत होती. कारण तिच्यातली लाल शाई माझी होती. मी तेव्हा सातवीत. रात्री साडेनऊला जेवणं उरकली की आम्ही दोघं एकाच टेबलावर अभ्यासाला बसायचो. मी माझा इतिहास-भूगोल, ते त्यांचे कोड. झोपायच्या आधी मी त्यांची तोंडी घ्यायचे. डायरी माझ्या हातात, ते समोर हात बांधून. “जी झिरो टू?” “गोल. घड्याळाप्रमाणे.” “एम थर्टी?” “खेळ खलास.” मग ते कोऱ्या कागदावर, न बघता, दिवसभरात केलेला अख्खा प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे आणि मी डायरीशी ताडून मार्क द्यायचे. शिक्षक बनायला मिळतंय म्हणून मी जाम खूष असायचे. एका पानावर मी चक्क शेरा मारलाय : ‘६/१०. अभ्यास वाढवा.’ खाली सही.

त्या टेबलावर त्यांची नोकरी पणाला लागलेली होती, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

त्या पाच जणांपैकी दोघं मशीन शिकले. बाबा त्यातले एक. ते निवृत्त होईपर्यंत सीएनसीवर होते.

संशोधक काय म्हणतात?

बाबांनी कुठलंही पुस्तक न वाचता जे केलं, त्याच्यावर मानसशास्त्रात बक्कळ काम झालेलं आहे. जर्मनीच्या हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. निष्कर्ष असा, की विसरण्याचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो, मग मंदावतो. आणि एकाच दिवशी घोकण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसांचं अंतर ठेवून केलेलं जास्त टिकतं.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी वाचून मग तो मिटला आणि आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे. पण आठवड्याने घेतली, तर आठवून लिहिणारे पुढे! सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे, आपल्याला हे चांगलं लक्षात राहील असा भरवसा जास्त कोणाला होता? नुसतं वाचत बसणाऱ्यांना! माझी सतरा सर्टिफिकेट्स म्हणजे हाच भरवसा होता. समोरच्याचं अस्खलित बोलणं ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. कळतंही. पण कळणं वेगळं आणि येणं वेगळं. पोहण्याचे व्हिडिओ बघून कोणी नदीत उडी मारत नाही.

‘पण आता वय झालं हो, मेंदू गंजला’ असं म्हणणाऱ्यांसाठी लंडनच्या टॅक्सीवाल्यांची गोष्ट. तिथल्या काळ्या टॅक्सीचं लायसन्स हवं असेल तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिसरातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ असावे लागतात. तयारीला तीन-चार वर्षं जातात आणि शिकणारे सगळे मोठी, संसारी माणसं. कॅथरीन वूलेट आणि एलेनॉर मग्वायर यांनी अशा उमेदवारांच्या मेंदूचे तयारीच्या आधी आणि नंतर स्कॅन घेतले. २०११ मधल्या त्या अभ्यासात, परीक्षा पास झालेल्यांच्या मेंदूत स्मरणाशी संबंधित भागात वाढ दिसली. जे पास झाले नाहीत त्यांच्यात ती दिसली नाही. म्हणजे वय झालेला मेंदूही बदलतो. नुसतं नाव नोंदवून मात्र नाही.

खरी अडचण वेगळीच

वेळ नाही, पैसे नाहीत, वय झालं... मी स्वतःला ही सगळी कारणं देऊन पाहिली. कारणं खोटी नव्हती. पण बाबांची डायरी चाळताना लक्षात आलं, माझं खरं कारण यातलं एकही नव्हतं. मला लाज वाटत होती.

लहानपणी सोसायटीत लपाछपी-पकडापकडी खेळताना एखादं शेंबडं पोर मध्ये यायचं. त्याला खेळात घ्यायचं, पण तो ‘कच्चा लिंबू’. त्याच्यावर राज्य नाही. तो आउट झाला तरी चालतो. त्या पोराला त्याचं काहीच वाटायचं नाही. ते आपलं सगळ्यांच्या मागे धावत राहायचं आणि वर्षभरात पक्कं भिडू व्हायचं. पण तेहतिसाव्या वर्षी, नावापुढे ‘सीनिअर’ लागलेलं असताना कच्चा लिंबू व्हायला कोण तयार होईल? व्हिडिओची हीच तर सोय असते. तिथे आपण अडाणी आहोत हे कोणाला दिसत नाही. दार लावून, हेडफोन घालून शिकता येतं. आणि चुकलेलं कोणी बघत नाही, म्हणून दुरुस्तही कोणी करत नाही.

याच पुण्यात लग्नानंतर शिकायला लागलेल्या रमाबाई रानडे आठवा. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. पण घरातल्या बायकांची टोमणेबाजी त्यांना रोजची होती. हे सगळं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं करणाऱ्या रमाबाई आपल्याला फोटोतून माहीत असतात. पाटीवर अक्षर चुकलेल्या रमाबाई आपण विसरतो. आणि आपल्याच काळातलं उदाहरण हवं असेल, तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव बघा. ८ मार्च २०१६ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत. आपल्या नातवंडांच्या देखत त्या मुळाक्षरं गिरवायला बसल्या. आपली लाज यापुढे काय हो?

सोमवारी मी काय केलं?

ज्याने मला नापास केलं होतं, त्याच्याच डेस्कवर गेले. म्हटलं, “शिकवशील का मला?” तो आधी बिचकला. मग म्हणाला, “हो मॅम, शिकवतो की.” मी त्याला ‘थँक यू, सर’ म्हटलं. तो म्हणाला, “सर नको ना मॅम, जाम ऑकवर्ड होतं!” बाबांच्या त्या डिप्लोमावाल्या सरांचीच आठवण आली.

नियम त्यानेच घालून दिले. दिवसाला पाऊण तास, पण रोज. त्यात व्हिडिओ फक्त दहा मिनिटं. मग तो बंद करून, न बघता लिहायचं. उदाहरणं कोर्समधली नाहीत, कंपनीतल्या खऱ्या पेजेसवरची घ्यायची. आणि दर शुक्रवारी त्याला दाखवायचं, चाललेलं नसलं तरी. चाललेलं नसलं तर आधी दाखवायचं!

पहिल्या महिन्यात अकरा टेस्ट लिहिल्या. त्यातल्या आठ लहरी. सकाळी पास, दुपारी फेल. पाच सेकंद थांबायच्या त्या माझ्या लाडक्या ओळीनेच घात केला होता. मग कळलं, ठरावीक सेकंद थांबायचं नसतं. ‘बटण दिसेपर्यंत थांब, फार तर इतका वेळ वाट बघ’ असं सांगायचं असतं. हे दोन्ही सर्टिफिकेट कोर्समध्ये होतं. मी ते दुप्पट स्पीडने ऐकलंही होतं. पण ते कळलं मात्र स्वतःच्या आठ टेस्ट कोसळल्यावर.

याची किंमत मोजावी लागली, ती लपवत नाही. पहाटे साडेपाचचा अलार्म, शुक्रवारच्या पार्ट्या बंद. सासरी सत्यनारायणाच्या पूजेला उशिरा पोहोचले, त्यावरून झालेली धुसफूस वेगळी. नवऱ्याने सकाळचे पोहे अंगावर घेतले म्हणून निभावलं. पाच महिन्यांनी ऑटोमेशनच्या टीममध्ये गेले. पगारवाढ? शून्य. हुद्दा तोच. टीममधले बहुतेक सगळे माझ्यापेक्षा लहान आणि माझ्यापेक्षा तयार. पण बेंच सुटला.

अजून एक सांगायला हवं. बाबांबरोबरच्या ज्या तिघांनी मशीन शिकलं नाही, ते आळशी नव्हते. त्यातले एक काका कामावरून सुटले की आजारी आईला घेऊन दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे. रात्री साडेनऊला मोकळं टेबल आणि तोंडी घ्यायला मुलगी हे त्यांच्या नशिबात नव्हतं. ‘अपस्किल व्हा’ असा मेल पाठवायला कंपनीला एक मिनिट लागतं. शिकायला लागणारे तास मात्र ती आपल्या झोपेतून, नाहीतर घरच्यांच्या वाट्यातून घ्यायला लावते. आठवड्यातले दोन तास शिकण्यासाठी मिळावेत, हे मॅनेजरकडे मागायला लाजू नका. मी उशिरा मागितले. आणि मिळाले!

खेळ खलास? छे!

नवीन टीममध्ये जरा बस्तान बसतंय, तोवर नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. आता तर लॉगिन पेजची टेस्ट एआय चुटकीसरशी लिहून देतं. ज्यासाठी मी पाच महिने पहाटे उठले, ते काम! पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

पण एकदा काय झालं, एआयने लिहिलेली एक टेस्ट रोज पास व्हायची. नेहमी पास. संशय आला म्हणून मी मुद्दाम पासवर्ड चुकीचा टाकला. तरी पास! उघडून बघितलं, तर ती टेस्ट पेज उघडत होती, बटणं दाबत होती, पण शेवटी लॉगिन झालं की नाही हे तपासतच नव्हती. सगळं दिसायला झकास, फक्त टिंब नव्हतं. ते मला दिसलं, कारण तसल्याच चुका मी स्वतः करून बसले होते. ते पाच महिने वाया गेले नाहीत, हे त्या दिवशी पटलं.

तरीही एआयकडून काम नीट कसं करून घ्यायचं, त्याच्या चुका कुठे लपतात, हे मला नव्याने शिकावं लागतंय. म्हणजे पुन्हा एकदा कच्चा लिंबू. या वेळची वही वेगळी आहे. सतरापैकी पंधरा सर्टिफिकेट्स प्रोफाइलवरून काढून टाकलीत. दोन ठेवलीत, त्यातलं येतं म्हणून.

बाबा आता सत्तरीत आहेत. रविवारी चिंचवडला गेले की ते माझी वही मागतात, चष्मा चढवतात आणि मला समोर बसवतात. शब्दांचे उच्चार त्यांचे स्वतःचे. “सांग, असरशन म्हणजे काय?” मी सांगते. “न बघता लिहून दाखव.” मी लिहिते. ते एकेक अक्षर वहीशी ताडून बघतात. परवा दोन ठिकाणी कंस विसरले आणि एका ठिकाणी टिंब. बाबांनी खिशातून लाल पेन काढलं आणि पानाच्या खाली शेरा मारला :

‘७/१०. अभ्यास वाढवा.’

एवढं करून बघा

• एका वेळी एकच विषय. तोही असा, की पुढच्या तीन महिन्यांत कामात वापरता येईल.

• व्हिडिओ संपला की तो बंद करा आणि काय कळलं ते कोऱ्या कागदावर लिहा. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने पुन्हा लिहा.

• चुका दाखवणारा कोणीतरी शोधा. तो वयाने लहान असला तर उत्तम. तुमची भीड लवकर चेपेल.

• पदवी अर्धवट राहिली असेल तर नोकरी सांभाळून शिकण्याचे रस्ते आहेत. इग्नू १९८५ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच काम करतंय. २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदवी अभ्यासक्रम करायलाही, काही नियमांच्या अधीन राहून, परवानगी दिली.

• आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्राध्यापकांचे एनपीटेलचे कोर्स फुकट शिकता येतात. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. त्यात दर आठवड्याच्या असाइनमेंटला २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असतं. दुप्पट स्पीडवर भागत नाही. म्हणूनच चांगलं!

• घरात शाळकरी मूल असेल तर त्याच्याकडून तोंडी घ्या. मार्क देताना ते अजिबात दयामाया दाखवत नाही.